बाईंची वीत

आमच्या तळ्यावर मासे धरण्याचे दोनच नियम होते. एका माणसाने दिवसात एकच मासा ठेवायचा, आणि तो ठेवला की गळ गुंडाळून घरी जायचं, म्हणजे मागे ताटकळणाऱ्याला जागा मिळते. दुसरा नियम असा की मासा एक वीत चार बोटांपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात सोडायचा. धक्क्याच्या तोंडाशी पत्र्याच्या फलकावर हे लिहिलेलं आहे. त्याखाली तिसरी ओळ आहे : ‘वीत म्हणजे धक्क्यावरच्या बाईंची वीत.’

धक्क्यावरच्या बाई म्हणजे माझी बायको. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा ती जाऊन चार महिने झाले होते.

तिसरी ओळ कशी आली ते सांगतो. आधी समितीने मापायला लोखंडी पट्टी टांगली होती. आठवड्याभरात ती तळ्यात पडली. दुसरी आणली आणि साखळीने बांधली, तर कुणीतरी ती कानशीने घासून अर्धा इंच कमी केली. मग फळीवर रंगाने रेघ मारली. एका सकाळी बघतात तर तिथे तीन रेघा, आणि तिन्ही सारख्याच जुन्या दिसणाऱ्या. तेव्हा त्या समितीने डोकं लावलं, की जे चोरता येणार नाही, घासता येणार नाही आणि रंगवता येणार नाही असं माप पाहिजे. बायको नुकतीच धक्क्यावर परवाने तपासायला लागली होती. तिचा हात समोरच होता. ठराव झाला. सत्तावीस वर्षं तो हात चालला. हात असलेला माणूस मरतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी मी सभेला गेलो तो धक्क्यावरच्या तिच्या खोपटाची किल्ली परत करायला. सभा होड्यांच्या शेडमागच्या हॉलमध्ये होती. घडीच्या खुर्च्या, एक ट्यूबलाइट फडफडणारी, आणि भिंतीवर टांगलेली वल्ही. ऐंशीएक माणसं जमली होती. अध्यक्ष म्हणजे साहेब. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला आणि म्हातारपणी वाट्याला एका बाईचा हात आला. ते दुःख त्यांच्या तोंडावर कायम दिसायचं.

किल्ली कुणाला द्यावी बघत मी दाराशी उभा होतो. औषधाच्या दुकानाची मालकीण बोलत होती. तिला आम्ही औषधवाली म्हणतो. बाई सरळ आहे, पण आवाज असा की खोकल्याचं औषध मागायला गेलेल्याचा खोकला तिथेच थांबावा.

“दोन वर्षांत मी अंडी भरलेली मोठी मादी बघितली नाही,” ती म्हणाली. “रविवारी दोनशे गळ पडतात. पोरवयातले मासे आपण खातोय. मर्यादा वाढवा. दीड वीत करा.”

“दीड वीत?” पुढच्या रांगेतून कात्री उठला. त्याचं केस कापायचं दुकान आहे. तोंड पण तसंच चालतं, म्हणून कात्री. “मग मासा कशाला ताई, मगरच धरतो की!”

हॉल हसला. टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू झाला. एवढ्यात मागून कुणीतरी साधं विचारलं, “दीड वीत, पण कुणाची?”

फक्त ट्यूब फडफडत होती.

मग प्रत्येकाने हात वर केला आणि पंजा ताणून दाखवायला सुरुवात केली. “एवढी होती.” “छे, एवढी.” “मी रोज बघायचो, एवढी.” ऐंशी माणसं हवेत पंजे फाकवून उभी होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, भिंतीवर पाली बसल्यात. ज्यांना नियम सैल हवा होता त्यांच्या आठवणीत बाईंचा हात बाहुलीएवढा होता. ज्यांना कडक हवा होता त्यांना तो पैलवानाचा आठवत होता. कुणीतरी म्हणालं, बाईंच्या बहिणीला बोलवा, रक्त एकच आहे. मी म्हणालो, मेहुणी डावखुरी आहे. साहेबांनी थोडा विचार केला आणि सूचना फेटाळली.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“काका, तुम्ही सांगा,” औषधवाली म्हणाली. “तुम्ही नवरा. तुम्हाला ठाऊक असणारच.”

“मी तिचा हात कधी मापला नाही,” मी म्हणालो.

“एकोणचाळीस वर्षं संसार केला आणि हात बघितला नाही? मग बघत काय होता?” कात्रीने विचारलं.

“तोंड.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी किल्ली घेतली नाही. म्हणाले, “तुमच्याकडे राहू द्या. चौकशी करावी लागेल.”

दोन दिवसांनी सकाळी साहेब, औषधवाली आणि कात्री असे तिघं घरी आले. चौकशी समिती. औषधवाली कडक नियमाच्या बाजूची, कात्री सैल नियमाचा, आणि साहेब मधले. त्यांनी बायकोच्या हाताचा पुरावा शोधायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात नळाजवळ तिचे रबरी हातमोजे वाळत घातले होते ते तसेच होते. मी काढले नव्हते. साहेबांनी मोजे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, “कारखान्याचे. सगळ्या जगाला एकच माप. निरुपयोगी.” मग त्यांनी ते परत तसेच टांगले, त्याच चिमट्याला. त्यासाठी मी त्यांना अजून मानतो.

तिचा चष्मा बघितला, कप बघितला, कपाटाच्या काचेवर बोटांचे ठसे आहेत का ते बघितलं. काच मी पुसली नव्हती, पण ठसे माझेच निघाले. विणकामाची पिशवी उघडली तेव्हा मात्र कात्री ओरडला.

“अरे! पाच विती!”

साहेब दचकले. “काय पाच विती?”

“काकांची छाती! बाई दर थंडीच्या आधी धक्क्यावर काकांना उभं करायच्या आणि मापायच्या. अख्ख्या गावासमोर. ‘पाच विती, दोन बोटं सैल.’ विसरलात का ताई?”

औषधवाली विसरली नव्हती. मीही नव्हतो. दर वर्षी ती नवीन स्वेटर विणायची. टेप घरात होती, पण तिला सापडायची नाही. मला खांबाला पाठ लावून उभं करायची आणि छातीभोवती विती टाकत जायची, आणि माझ्या कानाजवळ मोजायची. लोक गळ सोडून बघायचे. मला लाज वाटायची. “अहो, पोट आत घेऊ नका,” ती मोठ्याने म्हणायची, “थंडी पोट बघून वाजत नाही.”

मी घातलेला स्वेटर त्यांनी आधी मापला. तो धुऊन धुऊन एवढा सैल पडला होता की साहेबांनी तो बाद केला. मग त्यांनी खिशातून टेप काढली. तिच्यावर खात्याचा शिक्का होता. मला दोन्ही हात वर करायला सांगितलं. मी माझ्याच स्वयंपाकघरात हात वर करून उभा राहिलो.

“चौतीस इंच. भागिले पाच. सहा पूर्णांक आठ.”

“लिहा!” कात्री म्हणाला. “बाईंची वीत पावणेसात. चार बोटं धरा तीन इंच. म्हणजे पावणेदहाचा मासा चालायचा. हेच मी सांगत होतो!”

“थांबा,” औषधवालीने माझ्याकडे नीट बघितलं. कुणी तसं बघण्याची मला सवय राहिली नव्हती. “काका, वजन किती आहे तुमचं?”

“माहीत नाही.”

“माझ्या दुकानातल्या काट्यावर गेल्या थंडीत एकाहत्तर भरलं होतं. बाई सोबत होत्या. चला आत्ता.”

आम्ही चौघं रस्त्याने तिच्या दुकानात गेलो. काटा बासष्टवर थांबला. नऊ किलो चार महिन्यांत गेले होते, मला पत्ता नव्हता. पट्टा तेवढा सारखा आवळत होतो.

“बघा!” औषधवाली म्हणाली. “पाच विती बाईंनी एकाहत्तर किलोच्या काकांवर मापल्या. बासष्टच्या नाही. हे माप खोटं आहे.”

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. हे त्यांच्या ओळखीचं होतं. “बरोबर. मापक मूळ स्थितीत नाही. मूळ स्थितीत आणल्याशिवाय वाचन ग्राह्य धरता येणार नाही.”

मापक म्हणजे मी.

“म्हणजे काय, काकांना पंपाने हवा भरणार?” कात्री म्हणाला.

“सहा आठवड्यांनी सर्वसाधारण सभा आहे,” साहेब म्हणाले. “तोवर त्यांनी जेवावं.”

घरी परतल्यावर मी ओट्याशी बसलो. आता खरी गोष्ट सांगतो, कारण मला त्यांच्या भांडणाचं काही नव्हतं. मला दुसरंच टोचलं होतं.

मी नळदुरुस्ती करायचो. चाळीस वर्षं पाइप कापले. मला टेप लागत नाही, नजरेने पाव इंचापर्यंत सांगतो. धक्क्यावर माझी जागा तिसऱ्या खांबाशी, तिच्या स्टुलासमोर. आधी सुट्टीच्या दिवशी जायचो, निवृत्त झाल्यावर रोज. मासा लागला की तिच्याकडे न्यायचा. ती त्यावर हात टेकवायची आणि मान हलवायची. “अहो, लहान आहे. सोडा.” मी सोडायचो. सत्तावीस वर्षांत माझा एक मासा पास झाला नाही. आम्ही मासे बाजारातून विकत आणायचो. लोक मला हसायचे आणि मीही हसायचो. म्हणायचो, माझ्या नशिबात बाळं लिहिलीत.

पण गेल्या वर्षीचा एक मासा चौदा इंचांचा होता. त्याच्या आधीचा तेरा. मला ते तेव्हाही दिसलं होतं. पण तिने लहान म्हटलं की लहान. पाइप असता तर भांडलो असतो. मला वाटायचं, तिची वीत मोठी असेल. आता साहेबांच्या टेपेने सांगितलं की मी कितीही जेवलो, कितीही फुगलो, तरी तिची वीत आणि चार बोटं मिळून साडेदहाच्या वर जात नाहीत.

मग माझे मासे का सोडायला लावले?

माणूस गेल्यावर त्याला विचारता येत नाही, हे मला आधी माहीत होतं. पण विचारायचं काही नव्हतं. आता होतं.

दुसऱ्या दिवसापासून डबे यायला लागले. औषधवालीच्या बाजूच्या लोकांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी दूध, अंडी आणि केळी. दुपारी भात, बटाटे, मटण. संध्याकाळी कुणाची तरी सून सूप घेऊन यायची आणि मी संपवेपर्यंत दारात उभी राहायची. “काका, तळाशी लोणी आहे, ढवळून घ्या. सासूबाईंनी वाटी रिकामी बघून यायला सांगितलंय.”

आणि डबा संपला की कात्री दारात हजर. पांढरे बूट घालून.

“काका, घरात बसून गंज चढेल. चला जरा पाय मोकळे करू.”

“आत्ता जेवलो.”

“म्हणूनच!”

तो मला तळ्याभोवती फिरवायचा. पूर्ण वेढा दोन किलोमीटरचा आहे. पहिल्या दिवशी एक वेढा, आठवड्यानंतर दोन. वाटेत औषधवालीची माणसं झाडाआड बिस्किटं घेऊन उभी असायची. मी चालता चालता खायचो. दर सोमवारी सगळे मिळून मला काट्यावर उभं करायचे, आणि दुकानाबाहेर गर्दी व्हायची. त्रेसष्ट. चौसष्ट. चौसष्टच. मला बघायला आलेली माणसं डोकं दुखायच्या गोळ्या घेऊन जायची.

मुलगी फोन करायची. ती दुसऱ्या शहरात असते. “बाबा, जेवलात का?”

“जेवलो. चार वेळा.”

“रडवू नका मला, खरं सांगा.”

मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली. आई गेल्यापासून तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मग मी माशांचंही विचारलं.

“बाबा, आई नियमाची पक्की होती. घरच्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून केलं असेल.”

“सूट नको होती. माझे मासे मोठेच होते.”

म्हणाली, “आता काय करायचंय त्याचं?”

चालताना मी इतरांना विचारत राहिलो. तुझा मासा ती कशी मापायची? सगळे एकच सांगायचे. अंगठा शेपटीला, करंगळी पुढे, मग चार बोटं. बरोबर असेल तर बरोबर. कधी कुणावर अन्याय नाही. एका शिंप्याने सांगितलं की त्याचा मासा नखभर कमी पडला तर बाईंनी स्वतः वाईट वाटून घेतलं होतं. म्हणजे अख्ख्या गावाला तिने खरं माप दिलं, आणि सत्तावीस वर्षांत खोटं दिलं ते एकट्या मला. मी तिला एवढा कुचकामी वाटत होतो का? की मी मासा घेऊन आलो की तिला वैताग यायचा?

पाचव्या आठवड्यात मला घास उतरेना. डबा झाकून ठेवायला लागलो. औषधवाली स्वतः आली.

“काका, अडुसष्टवर अडलात. काय झालं? मीठ कमी पडतं का?”

“नाही.”

“मग?”

“तुमच्या सभेत मला एक विचारायचंय.”

“मासे वाढले पाहिजेत एवढंच लक्षात ठेवा,” ती म्हणाली. मग डब्याचं झाकण काढून माझ्यासमोर बसली. “आणि आत्ता चार घास खा. माझ्यासाठी नको, सहा पूर्णांक आठसाठी खा. तो आकडा मला झोपू देत नाही.”

मी चार घास खाल्ले. ती दुकान सोडून आली होती.

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. होड्यांच्या शेडमधून बाकं आणावी लागली. दोन्ही बाजूंनी डोकी मोजून माणसं आणली होती. मला मधोमध स्टुलावर बसवलं. ते तिचंच स्टूल होतं, खोपटातून आणलेलं. साहेबांनी टेप काढली, सगळ्यांना शिक्का दाखवला आणि मला उभं केलं.

“श्वास सोडा,” कात्रीची बाजू ओरडली.

“श्वास घ्या,” दुसरी बाजू ओरडली.

“मापकाने स्वाभाविक श्वास घ्यावा,” साहेब म्हणाले. “छत्तीस पूर्णांक पाच. भागिले पाच. सात पूर्णांक तीन.”

“वजन तीन किलो कमी आहे,” औषधवाली म्हणाली. “ते धरून चालू.”

“धरून कसं चालू? कुठे धरणार?” कात्री म्हणाला. “काकांच्या स्वेटरात बटाटे कोंबायचे का?”

साहेबांनी फळ्यावर हिशेब मांडला. जुना नियम, एक वीत चार बोटं, म्हणजे दहा पूर्णांक तीन इंच. नवा नियम, दीड वीत, म्हणजे दहा पूर्णांक पंचाण्णव. खडू खाली ठेवून ते स्वतःच फळ्याकडे बघत राहिले. फरक पाऊण इंचाहून कमी होता. सहा आठवडे गावाने मला खाऊ घातलं आणि पळवलं ते एवढ्यासाठी. नळाच्या कामात एवढ्या फरकावर मी कधी भांडलो नाही. एक वायसर घातला की भागतं.

पण कुणी मागे हटायला तयार नव्हतं. मतदान पुकारायच्या आधी साहेबांनी रीतसर विचारलं, “मापकाला काही सांगायचं आहे?”

मी म्हणालो, “विचारायचं आहे.”

“विचारा.”

“माझा मासा कधीच पास का झाला नाही?”

हॉलमध्ये कुजबुज झाली. मी बोलत राहिलो, नाहीतर परत बोलता आलं नसतं. “चौदा इंचांचे मासे मी सोडले. तुमच्या फळ्यावर आकडा आहे. तिने तुम्हा सगळ्यांना बरोबर मापलं, मला नाही. मला एवढंच पाहिजे की का. कुणाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर घ्या मत.”

साहेब कागद चाळायला लागले, जणू त्यात लिहिलं असेल. मग कात्री उठला. पहिल्यांदाच त्याचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“काका, माझी जागा स्टुलाच्या बाजूलाच होती. मी एकदा विचारलं होतं बाईंना. म्हटलं, बाई, हे बरं नाही. काकांचा मासा माझ्यापेक्षा हातभर मोठा आणि त्याला लहान म्हणता? मी तक्रार करीन.”

“मग?” साहेबांनी विचारलं.

“बाई म्हणाल्या, नियम काय आहे? मासा ठेवला की उठून घरी जायचं. मी यांचा मासा पास केला तर हे आठ वाजता घरी जाऊन झोपतील. आणि मला संध्याकाळी सहापर्यंत इथे बसायचंय. दिवसभर दोनशे माणसं बघते, म्हणाल्या, सगळी माशांची. त्यातलं एक माझं नको?”

साहेबांनी पेन उचललं.

“मला शपथ घातली होती,” कात्री म्हणाला. “म्हणाल्या, त्यांना सांगितलंस तर यापुढे तुझा मासा मी कोपरापासून मापेन. म्हणून बोललो नाही. आता कोण मापणार?” तो खाली बसला, आणि लगेच परत उठला. “हे मी सांगितलं ते सैल नियमाच्या बाजूने धरू नये.”

साहेब लिहीत होते. त्यांना सगळं लिहायची सवय आहे. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. “धक्क्यावरच्या बाईंनी सत्तावीस वर्षे एका परवानाधारकाचे मासे जाणूनबुजून लहान ठरवले. कारण, बाईंना नवऱ्याकडे बघायचे होते.” ते पाणी प्यायले. “अनियमितता नोंदवण्यात येत आहे,” ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो. तिच्या बसण्याने ते एका बाजूला जरा कललेलं आहे. तिथून तिसरा खांब कसा दिसत असेल असा मी विचार करत होतो. मला वाटायचं मी तिच्या तोंडाकडे बघतोय म्हणून मला तिचा हात दिसत नाही. ती पण हाताकडे बघत नव्हती.

मतदान झालं. एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. सगळे परत माझ्याकडे वळले. मापकाला मत देता येतं का, यावर साहेबांनी नियमांची वही दोनदा पालथी घातली. मनाई कुठे नव्हती.

“दीड वीत,” मी म्हणालो.

औषधवालीच्या बाजूने बाकं बडवली. कात्री उठून ओरडला, “काका! मी तुम्हाला दीडशे किलोमीटर चालवलं!”

“म्हणूनच,” मी म्हणालो. “लोक जरा उशिरा घरी जातील. काही बिघडत नाही.”

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं मला कळत नव्हतं. मग म्हणाला, “साहेब, मला एक ठराव मांडायचाय.”

“कडक करायचा ठराव मंजूर झाला आहे. आता सैल करता येणार नाही.”

“सैल नाही. अजून कडक.” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. “नवा नियम लागला तरी काकांचा चौदा इंची मासा पास होणार. मग हे उठून घरी जाणार. घरी कोण आहे? लिहा साहेब. बाईंच्या नवऱ्याने धरलेला मासा, कितीही मोठा असला तरी, लहान समजण्यात यावा.”

“याला मापशास्त्रात आधार नाही,” साहेब म्हणाले.

“बाईंच्या हाताला होता?”

साहेबांनी पेन उघडलं. औषधवालीने अनुमोदन दिलं, तेही तिच्या त्या आवाजात. हात वर झाले. ब्याऐंशी. त्या तळ्याच्या इतिहासात एकमताने झालेला तो एकच ठराव. मी हात वर केला नाही. मला नाक पुसायचं होतं.

आता फलकावर चौथी ओळ आहे, माझ्या माशांची. वीत म्हणजे आता साहेबांनी बनवून घेतलेली पितळी पट्टी, सिमेंटमध्ये बसवलेली. अजून तरी जागेवर आहे. स्टुलावर पाळीपाळीने लोक बसतात. परवा कात्रीची पाळी होती. मला सकाळी साडेसातला मासा लागला. वर काढला तेव्हाच नजरेने मापला. सोळा इंच. एवढा मी आयुष्यात धरला नव्हता. मी तो दोन्ही हातांत धरून स्टुलापाशी नेला.

कात्रीने माशाकडे बघितलं. पितळी पट्टीकडे बघितलं. पट्टीवर ठेवलेला मासा दोन्ही टोकांना बाहेर जात होता. मागे रांगेत उभी असलेली माणसं मान वर करून बघत होती.

“काका,” तो म्हणाला, “लहान आहे. सोडा.”

मी मासा सोडला. तिसऱ्या खांबाशी जाऊन गळाला आमिष लावलं आणि बसलो. सहा वाजेपर्यंत वेळ होता.